स्वारी आभाळातून, कॅमेरा उसना

जानेवारी २०२५ मध्ये बिदर जिल्ह्यातल्या हुमनाबाद तालुक्यात, जलसंगवी नावाच्या गावात, एका घरावर आभाळातून भलामोठा फुगा आणि त्याला लटकलेलं यंत्र येऊन पडलं. गाव आधी घाबरलं, मग जमलं, मग मोबाइल काढून शूटिंग करू लागलं. यंत्राबरोबर कन्नडमध्ये लिहिलेली चिठ्ठी होती, तिच्यावरून उलगडा झाला. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र आहे, तिथून संशोधनासाठी सोडलेला हा फुगा होता. पातळ प्लास्टिकचे, हायड्रोजन भरलेले हे फुगे तीस-चाळीस किलोमीटर उंच जातात आणि काम झालं की यंत्रं रंगीत पॅराशूटवरून खाली येतात. संस्था यासंबंधी जे जाहीर पत्रक काढते, त्यात हे सामान विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर या पट्ट्यात उतरू शकतं असं म्हटलेलं असतं. सापडलेली वस्तू उघडू नका, पोलिसांना कळवा, बक्षीस मिळेल, अशा सूचनाही असतात.

थोडक्यात, परग्रहवासीयांच्या स्वारीवरच्या विनोदी चित्रपटाची पहिली दहा मिनिटं आपल्या सोलापूरच्या भागात संशोधनाच्या खर्चातून आयती तयार होतात. पुढची शंभर मिनिटं मात्र माझ्या माहितीत आजवर कुणी मराठीत केलेली नाहीत. जगभर या प्रकाराने कमी पैशांत पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे वेडे चाहते मिळवले. आपल्याकडे भुताला पडदा मिळाला, बाहुल्याला मिळाला, झोंबीलाही मिळाला. उडत्या तबकडीतून उतरणाऱ्याला नाही. असं का, याचा हा आढावा.

आधी परदेशातल्या पूर्वजांकडे पाहू. १९५३ चा ‘रोबोट मॉन्स्टर’ हा त्यातला आद्य नमुना. पृथ्वी संपवायला आलेल्या यंत्रमानवाचा पोशाख परवडेना, म्हणून दिग्दर्शक फिल टकर यांनी स्वतःचा गोरिलाचा पोशाख बाळगून असलेला नट बोलावला आणि त्याच्या डोक्यावर पाणबुड्यासारखं शिरस्त्राण चढवलं. मानवजातीचा संहारक म्हणून सबंध चित्रपटभर एक केसाळ गोरिला उन्हात टेकड्या चढतो-उतरतो. टकर यांना विनोद करायचा नव्हता. दिग्दर्शक एड वूड यांनाही नव्हता. त्यांच्या ‘प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस’ला बॅप्टिस्ट चर्चच्या मंडळींनी पैसे दिले आणि त्या बदल्यात चमूतल्या लोकांना बाप्तिस्मा घ्यावा लागला. चित्रपटाचं मुख्य आकर्षण असलेले नट बेला लुगोसी १९५६ मध्येच वारले होते. त्यांची थोडी दृश्यं हाताशी होती, बाकीची वूड यांच्या पत्नीच्या कायरोप्रॅक्टरला, म्हणजे मणक्यांवर उपचार करणाऱ्याला, उभं करून घेतली. तो लुगोसींपेक्षा उंच, चेहराही वेगळा, म्हणून त्याने सगळीकडे झग्याने तोंड झाकून घ्यायचं. थडगी हलतात, एकाच प्रसंगात दिवसाची रात्र होते. तबकड्या म्हणजे जेवणाच्या कागदी ताटल्या होत्या अशी दंतकथा आहे. प्रत्यक्षात त्या दुकानात मिळणाऱ्या खेळण्यातल्या होत्या. १९८० मध्ये चित्रपटांवर लिहिणाऱ्या मेडवेड बंधूंनी या चित्रपटाला ‘आजवरचा सर्वांत वाईट’ ठरवलं आणि त्या दिवसापासून तो अमर झाला. १९९४ मध्ये टिम बर्टन यांनी वूड यांच्यावर चित्रपट काढला आणि त्यात लुगोसी साकारणाऱ्या मार्टिन लँडाऊ यांना ऑस्कर मिळालं. मूळ चित्रपटातल्या कुणाच्या स्वप्नातही ते आलं नसेल.

दुसरी शाखा आपण काय करतोय याची पुरती जाण असलेल्यांची. जॉन कार्पेंटर यांच्या ‘डार्क स्टार’मध्ये (१९७४) परग्रहावरचा प्राणी म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर खेळायचा फुगवलेला चेंडू, त्याला खाली पंजे लावलेले. पटकथेत भागीदार असलेले डॅन ओ’बॅनन यांना प्रेक्षक हवा तितका हसत नाही याचं वाईट वाटलं. हसत नसतील तर घाबरवू या, असं ठरवून त्यांनी पुढे ‘एलियन’ (१९७९) लिहिला. चेंडूचा राक्षस झाला तो असा. न्यूझीलंडच्या पीटर जॅक्सन यांनी वर्तमानपत्रातली नोकरी सांभाळून, मित्रांना घेऊन, सुटीच्या दिवशी चार वर्षं ‘बॅड टेस्ट’ (१९८७) काढला. परग्रहवासी माणसाचं मांस आपल्या ग्रहावरच्या खाणावळींसाठी न्यायला आलेत, ही कल्पना. मुखवटे आईच्या भट्टीत भाजले. माणसं कमी पडली म्हणून जॅक्सन यांनी स्वतःच दोन भूमिका केल्या, आणि एका दृश्यात ते कड्यावर स्वतःशीच मारामारी करतात. हाच गृहस्थ पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा दिग्दर्शक झाला.

तिसरी शाखा मला सगळ्यांत जवळची वाटते. जो कॉर्निश यांच्या ‘अ‍ॅटॅक द ब्लॉक’मध्ये (२०११) परग्रहावरचे प्राणी लंडनच्या दक्षिण भागातल्या एका सरकारी चाळवजा इमारतीवर तुटून पडतात आणि त्यांच्याशी लढतात ती तिथली टवाळ पोरं. प्राणी म्हणजे काळ्या कुळकुळीत केसांचा गोळा आणि अंधारात चमकणारे दात, बस. पैसे वाचले आणि भीतीही वाढली. पण चित्रपट प्राण्यांचा नाहीच. पोलीस ज्या पोरांना रोज संशयित समजतात, त्यांच्यावर शहर वाचवायची वेळ आली तर काय होईल, हा त्याचा विषय. तिकीटबारीवर तो खर्चही वसूल करू शकला नाही. आज त्याचे चाहते संवाद पाठ म्हणतात.

मुद्दाम वाईट केलेले चित्रपट ही चौथी शाखा म्हणता येईल, पण तिच्यावर वेळ घालवू नये. ‘बघा आम्ही किती टुकार आहोत’ असं डोळा मारून सांगणारा चित्रपट वीस मिनिटांनी कंटाळा आणतो. गोरिलाला शिरस्त्राण घालणाऱ्या माणसाचा त्या गोरिलावर विश्वास असावा लागतो.

भारताचा हिशेब वेगळा आहे. १९६३ च्या तमिळ ‘कलै अरसी’मध्ये परग्रहावरचे लोक पृथ्वीवर येतात ते जिंकायला नव्हे, त्यांच्या ग्रहावर कला नाही, म्हणून गाणारी नायिका भानुमती पळवायला. नायक एमजीआर तिला आणायला वर जातात. १९६७ च्या ‘चांद पर चढाई’त दारासिंग चंद्रावर जाऊन तिथल्या राक्षसांना चितपट करतात, म्हणजे स्वारी आपणच केली. त्याच सुमारास सत्यजित राय आपल्या ‘बंकूबाबूर बंधू’ या १९६२ च्या कथेच्या वळणावरची पटकथा घेऊन हॉलिवूडच्या पायऱ्या चढत होते. तो चित्रपट झालाच नाही. ‘कोई मिल गया’च्या (२००३) जादूने मुलांना रडवलं, ‘पीके’ने (२०१४) मोठ्यांशी वाद घातला. दोघेही पाहुणे म्हणून आले. आपला परग्रहवासी बहुधा पाहुणाच असतो. त्याला पाणी विचारतात, धर्म समजावतात, निरोप देताना डोळे पुसतात. आक्रमण करून आलेल्याला हसण्याची सवय आपल्या पडद्याला नाही. शिरीष कुंदर यांचा ‘जोकर’ (२०१२) याला थोडा अपवाद. नकाशावर नसलेलं पागलपूर गाव सरकारचं लक्ष वेधायला परग्रहवासी आल्याचं सोंग करतं. कल्पना नंबरी होती, पण अक्षयकुमारसारखा तारा आणि मोठा खर्च यांखाली ती चेंगरली. हाच चित्रपट कुणी गावातल्या नाटकमंडळींना घेऊन केला असता तर आज त्याचं पारायण चाललं असतं, असं माझं ठाम मत आहे.

ते गणित नेमकं कळलं मल्याळी लोकांना. अरुण चंदू यांचा ‘गगनचारी’ (२०२४) माहितीपटाच्या ढंगात आहे. भविष्यकाळातलं बुडालेलं, मोडकळलेलं केरळ, एका बंदिस्त घरात राहणारा माजी परग्रहवासी-शिकारी आणि त्याची मुलाखत घ्यायला आलेले माहितीपटवाले. बहुतेक सगळं एका घरात घडतं. पेट्रोल, महापूर, सरकार, शेजारी यांच्यावरचे टोमणे अस्सल केरळी. त्याच वर्षी तमिळमध्ये आलेल्या ‘अयलान’मध्ये हजारो दृश्यांवर संगणकाचं काम झालं होतं. डोळ्यांना ‘अयलान’ श्रीमंत वाटतो. पण मित्राला फोन करून सांगावासा वाटतो तो ‘गगनचारी’.

आता महाराष्ट्र. इथे या प्रकाराच्या सर्वांत जवळ पोहोचलेलं गाव म्हणजे स्वतःचा सुपरमॅन चित्रपट करणारं मालेगाव. सुपरमॅन हा क्रिप्टॉन ग्रहावरचा, हे आपण विसरतो. त्या अर्थाने मालेगावचा सुपरमॅन हा महाराष्ट्राच्या मातीतला पहिला परग्रहवासी नायक. व्हिडिओ पार्लर चालवणारे शेख नासिर यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ केला. घोडे परवडत नाहीत म्हणून डाकू सायकलवरून आले. दोन व्हीसीआर जोडून संकलन करायला ते स्वतःच शिकले होते. त्यांच्या सुपरमॅनच्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) हा माहितीपट केला. तो पाहिल्याशिवाय या विषयावर कुणी बोलू नये.

त्यातली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. सुपरमॅनला उडवायचं तर मागे हिरवा पडदा हवा. नासिर हिरवं कापड आणतात आणि ट्रकच्या अंगाला लावतात. सुपरमॅन झालेला शफीक शेख हा यंत्रमागावर काम करणारा अंगाने काडी तरुण. त्याला आडवा धरायचा आणि वाऱ्याने अंगरखा फडफडवायचा. सायकलचा ट्रॉलीसारखा उपयोग, बैलगाडीची क्रेन. हे करताना कुणाच्याही चेहऱ्यावर गंमत केल्याचा भाव नाही. आणि खलनायक? त्याला जग जिंकायचं नाही, त्याला घाण हवी आहे. गावात कचरा वाढावा, लोकांनी थुंकावं, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. सुपरमॅनला त्या गावच्या धुरा-धुळीने दमा लागतो. क्रिप्टॉनचा माणूस मालेगावात उतरला की त्याला मालेगावच होणार, हे नासिर यांना कुठल्याही चित्रपटशाळेत न जाता कळलं होतं. पुढे शफीक कर्करोगाने गेला. रीमा कागती यांनी २०२५ च्या फेब्रुवारीत ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’मधून ही गोष्ट साऱ्या देशाला सांगितली. चांगला चित्रपट आहे, पण मूळ माहितीपटात जी धूळ दिसते ती त्यात जरा पुसलेली आहे.

मराठी भाषेत या जातीचा नातेवाईक शोधायचा तर आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ (जानेवारी २०२२). मराठीतला हा पहिला झोंबीपट. डोंबिवलीतली उंच सोसायटी आणि तिच्या पायाशी असलेली वस्ती, बाटलीबंद पाण्याचा घोटाळा आणि त्यातून उठलेले झोंबी. ‘अ‍ॅटॅक द ब्लॉक’ची इमारत इथे डोंबिवलीत आली असं म्हणायला हरकत नाही. त्याआधीची परंपरा महेश कोठारे यांची. ‘धडाकेबाज’ (१९९०) मध्ये बाटलीतला गंगाराम, ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये बोलक्या बाहुल्यांचे उस्ताद रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू. महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी त्या बाहुल्याला घाबरली आणि आज त्याच्यावर विनोद करते. चाहत्यांचं वेड यापेक्षा वेगळं काय असतं?

मग परग्रहवासीच का राहून गेला? मला दोन कारणं दिसतात. पहिलं, भुताला आपल्याकडे आयतं शास्त्र आहे. अमावस्या, पिंपळ, लिंबू, अंगारा, मांत्रिक. प्रेक्षकाला काही समजावून सांगावं लागत नाही. परग्रहवाशाला तो का आला, कसा आला, काय खातो हे सगळं सांगावं लागतं, आणि निर्मात्याला तिथेच घाम फुटतो. दुसरं कारण जरा नाजूक आहे. मराठीत विज्ञानकथा आली ती प्रबोधनाच्या हाताला धरून. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ ची. तिच्या स्पर्धेत १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं टोपणनाव लावून ‘कृष्णविवर’ पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. ही गोष्ट गमतीची; पण तिथून पुढे आपली विज्ञानकथा बरीचशी गंभीर राहिली. ‘यक्षांची देणगी’ असो वा ‘प्रेषित’, नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे या सगळ्यांनी वाचकाला काही शिकवायचं व्रत घेतलं होतं. त्याचा फायदा महाराष्ट्राला झालाच, त्याबद्दल वाद नाही. पण परग्रहवाशाला धोतर नेसवून पारावर बसवायचं आणि त्याच्याकडून तंबाखू मागवायची, हे काम कुणाच्याच वाट्याला आलं नाही. विज्ञानवाल्यांना ते हलकं वाटलं आणि विनोदवाल्यांना ते विज्ञान वाटलं.

आणखी एक निरीक्षण इथेच नोंदवतो. अमेरिकेत ‘प्लॅन ९’ला लोक त्यातल्या दृश्यांसाठी जातात. हललेलं थडगं, लोंबकळणारी तबकडी, झग्यामागचा कायरोप्रॅक्टर. मराठी माणसाचं वेड कानाचं आहे. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा. तो कुठल्या दृश्यासाठी आठवतो असं विचारलं तर लोक दृश्य सांगत नाहीत, संवाद म्हणून दाखवतात. तात्या विंचूचाही चेहरा नंतर, मंत्र आधी. म्हणजे स्वस्तातली तबकडी ही आपल्या प्रेक्षकासाठी अडचणच नाही. तिच्यातून उतरणारा काय बोलतो आणि त्याला गावकरी काय उत्तर देतो, यावर सगळं ठरेल.

सोलापूरचा विषय खरं तर इथे सुरू होतो. मालेगावसारखंच हेही मागाचं गाव. चादर आणि टॉवेल यांवर वाढलेलं. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारा पद्मशाली विणकर, अक्कलकोटकडून येणारी कन्नड, मोहल्ल्यांतली दखनी आणि या सगळ्यांच्या संगतीने वळण घेतलेली मराठी. भागवत चित्रमंदिराच्या एकाच आवारात अनेक पडदे, आणि गावात तेलुगू चित्रपटांना हमखास गर्दी. पहिल्या खेळाला नायकाच्या पोस्टरला हार-दूध. ‘आदित्य ३६९’सारखा (१९९१) कालयंत्राचा तेलुगू चित्रपट पचवलेला प्रेक्षक इथे घरोघरी आहे. या प्रेक्षकाला पडद्याशी बोलायची सवय आहे. शिट्ट्या, शेरे, नायकाआधी संवाद म्हणणं. परदेशात मध्यरात्रीच्या खेळाला चाहते जे मुद्दाम ठरवून करतात, ते इथे दुपारी तीनच्या खेळाला आपसूक होतं.

बोलीवर चित्रपट चालतो का, हा प्रश्न आता उरलेला नाही. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी ‘सैराट’ने (२०१६) तो निकालात काढला. आर्ची-परशाची बोली ऐकायला पुण्या-मुंबईचे लोक रांगा लावून उभे राहिले. त्या बोलीत एका परग्रहवाशाला बोलतं करून पाहा. सात रस्त्याजवळ तबकडी उतरली आहे, आतून हिरवा माणूस बाहेर येतो आणि समोरचा रिक्षावाला शांतपणे विचारतो, “काय बे, कुठलं गाव? मीटरने यायचं नाही हां, आधी सांगतो.” हॉलिवूडमध्ये आलेला परग्रहवासी दोन मिनिटांत इंग्रजी शिकतो. सोलापुरात त्याला बसस्थानकावरून बाहेर पडेपर्यंत चार भाषा लागतील, आणि चारही भाषांत त्याला लोक ‘आधी जेवला का’ एवढंच विचारतील. पृथ्वी जिंकण्याचा बेत कडक भाकरी आणि शेंगाचटणीपुढे कसा टिकतो ते बघायला मी तिकीट काढीन.

कथेला लागणारा कच्चा मालही कल्पनेतून आणायला नको. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत कृत्रिम पावसाचा मोठा प्रयोग सोलापूरच्या आभाळात केला. रडार आणि ढगांवर मीठ फवारणारी विमानं. काही भागात पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्जन्यछायेतल्या शेतकऱ्याच्या डोक्यावरून विमान जातं, ढग आपल्याऐवजी शेजारच्या तालुक्यावर रिकामा होतो, आणि मग तो परग्रहवाशांवर संशय घेतो. यात विनोद आहे आणि पोटातलं दुखणंही आहे. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या आभाळातून आगीचे लोळ जाताना लोकांनी पाहिले आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. चिनी रॉकेटचा तो अवशेष असावा असा तज्ज्ञांचा अंदाज होता. ते कडं आधी गेलं कुठे? पोलीस ठाण्यात. परग्रहवासी आला तरी पंचनामा आधी. हे अमेरिकन लेखकाला सुचणार नाही.

एक धोका मात्र आहे आणि तो पैशांच्या टंचाईचा नाही. आता मोबाइलवर तबकडी उडवणं चुटकीसरशी होतं. कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितलं की सोलापूरच्या होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेत यान उतरल्याचं चकचकीत दृश्य मिळतं. अशा दृश्यांचे तुकडे रोज शेकड्यांनी फिरतात आणि कुणाच्याही लक्षात राहत नाहीत. ट्रकला लावलेलं हिरवं कापड लक्षात राहतं, कारण ते कुणीतरी आपल्या हाताने लावलं होतं. स्वस्तपणा हे या चित्रपटांचं बळ नव्हतं. टंचाईतून काढलेली वाट प्रेक्षकाला दिसत होती, हे बळ होतं. ती वाट झाकणारं तंत्र आलं तर उरेल तो नुसता टुकारपणा.

सोलापुरात कॅमेरे आहेत, महाविद्यालयांच्या युवा महोत्सवांत आणि एकांकिका स्पर्धांत घासून निघालेली पोरं आहेत, यूट्यूबवर बोलीतले विनोदी तुकडे रोज टाकणारी मंडळी आहेत. त्यांना एवढंच सांगणं की आधी संहिता लिहा, तीही आपल्या गल्लीच्या भाषेत. तबकडी शेवटी बघू. आणि प्रेक्षकांना विनंती आहे. ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’, ‘गगनचारी’, ‘अ‍ॅटॅक द ब्लॉक’ हे तीन चित्रपट, याच क्रमाने, एखाद्या रविवारी पाहा. पण एकट्याने मोबाइलवर नको. दहा-बारा जण जमवा, भिंतीवर पडदा लावा आणि मध्ये मध्ये मोठ्याने बोला.